समाजशास्त्राची तोंडओळख: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेतलेली मुलंमुली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि अधूनमधून त्यांचे पालकही हे प्रश्न विचारतात. उत्तरं पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने दिलेली नाहीत. वर्गात ज्या प्रश्नावर जास्त वेळ जातो, त्यावर इथंही जास्त लिहिलंय. उदाहरणं मुद्दाम आपल्या जिल्ह्यातली घेतली आहेत. व्याख्या तोंडपाठ असते, पण ‘तुझ्या गल्लीतला दुय्यम समूह दाखव’ म्हटलं की पोरं छताकडं बघायला लागतात.

समाजशास्त्र आणि समाजसेवा एकच का?

नाही. पंचगंगेला पूर आला की समाजसेवा करणारा आधी पाणी, चारा, औषधं पोचवतो, आणि ते त्यानं करायलाच हवं. समाजशास्त्र वेगळे प्रश्न विचारतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा कोणत्या वस्तीत ते आधी शिरतं? त्या वस्तीत कोण राहतं, आणि तिथंच का राहतं? कोण पाहुण्यांकडं जातं, कोणाला शाळेच्या वर्गात रात्र काढावी लागते? पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागतं, तर भाडेकरू कुठल्या रकान्यात बसतो? पूर नैसर्गिक असतो. पुराचा मार कोणाला किती बसणार हे बरंचसं समाजानं आधीच ठरवलेलं असतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत हे पाहायला मिळालं.

आम्ही समाजातच राहतो. त्यात शिकायचं काय?

राहणं आणि पाहणं या दोन गोष्टी आहेत. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये ‘समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती’ ही संकल्पना मांडली. त्याचं म्हणणं असं: एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि त्याचं कसब तपासा. पण लाखो माणसं एकाच वेळी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर सापडणार नाही. पहिली झाली वैयक्तिक अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न.

आता आपल्याकडं या. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कुठल्याही तालुक्यातल्या गावात संध्याकाळी पारावर बसा. तिशीला आलेली, लग्न न जमलेली पोरं भेटतील. शेती आहे, घर आहे, व्यसन नाही, तरी स्थळ येत नाही. आई म्हणते पत्रिकेत दोष आहे. शेजारी म्हणतात पोरगं मुखदुर्बळ आहे. पोरगं स्वतः काहीच बोलत नाही. मोबाईल काढून बसतं.

एकाच घरापुरतं असतं तर पत्रिकाही मान्य केली असती. पण अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, म्हणून मागं जाऊन पाहावं लागतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं मुली साडेआठशेच्याही खाली होत्या. ती जनगणनेतली मुलं आज लग्नाच्या बाजारात उभी आहेत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे कायदा होता आणि तरीही हे झालं. त्यात भर म्हणजे एकराचे गुंठे झाले. मुली शिकल्या, आणि शेण-वैरण करत आयुष्य काढलेल्या त्यांच्या आयांनीच सांगितलं, ‘शेतकरी नको गं बाई.’ शिवाय स्थळ जातीतलंच हवं, त्यातही पोटजातीतलं, त्यातही तोलामोलाचं. आधीच आकसलेल्या यादीवर किती काट मारल्या ते मोजा.

त्या पोराची पत्रिका यात कुठंच नाही. त्याचं खासगी दुःख आणि एका जिल्ह्याची लोकसंख्या, जमीन, जात आणि सोनोग्राफी मशीन यांना जोडणारी रेघ ज्याला दिसली, त्याला मिल्स समजला. बाकी व्याख्या मागाहून आली तरी चालते.

हा विषय सुरू कोणी केला?

परीक्षेपुरतं उत्तर: फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त काँत. १८३८ च्या सुमारास त्यानं या शास्त्राला नाव दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची उलथापालथ आणि कारखानदारीनं बदलत चाललेली शहरं त्याच्यासमोर होती. जुनी घडी मोडली, नवी कशावर बसणार, हा त्या पिढीचा प्रश्न. कार्ल मार्क्स (१८१८–१८८३), एमिल दुर्खीम (१८५८–१९१७) आणि मॅक्स वेबर (१८६४–१९२०) या तिघांनी त्याला तीन वेगळ्या दिशांनी हात घातला.

भारतात मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी विभाग सुरू केला. पुढं १९२४ पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. घुर्ये मूळचे मालवणचे, म्हणजे घाट उतरलं की त्यांचं गाव. पुण्यात डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांचा देशभर फिरून अभ्यास केला. त्यांचा भारतीय आप्तसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ चा.

पण एक गोष्ट मला दरवर्षी खटकते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला. शेतकऱ्याची पिळवणूक कोण, कशी, कोणत्या विधींच्या नावाखाली करतं, हे त्यांनी लग्नापासून बारशापर्यंत एकेक प्रसंग घेऊन मांडलं. तेव्हा दुर्खीम पंधरा वर्षांचा होता. तरी पहिल्या प्रकरणात फुले नसतात. असलेच तर ‘समाजसुधारक’ म्हणून वेगळ्या चौकटीत असतात. समाज कसा चालतो याचं विश्लेषण करणारा माणूस फक्त सुधारक कसा, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

दर्जा आणि भूमिका यांत काय फरक?

दर्जा म्हणजे समाजातली जागा. भूमिका म्हणजे त्या जागेवरच्या माणसानं कसं वागावं याबद्दलच्या अपेक्षा. जन्मानं मिळालेला तो अर्पित दर्जा: मुलगी, थोरला भाऊ, अमुक जात. कमावलेला तो अर्जित: पैलवान, नर्स, सरपंच. ही विभागणी राल्फ लिंटननं १९३६ मध्ये केली.

खरी गंमत भूमिकासंघर्षात आहे. गावातल्या दूध संस्थेचा सचिव घ्या. सकाळी सहा वाजता कॅन आणि किटल्या घेऊन रांग लागते. नमुना घ्यायचा, डिग्री (दुधाची घनता) बघायची, फॅट लावायचं, पुस्तकावर आकडा टाकायचा. रांगेत सख्खा चुलता उभा असतो, आणि दुधाला डिग्री लागत नाही. सचिव म्हणून दूध परत करायचं. पुतण्या म्हणून मान खाली घालायची. मागं दहा जण बघत उभे आहेत, आणि चुलता आवाज चढवून म्हणतो, ‘मला सांगतोस व्हय रं?’ दोन दर्जे, दोन भूमिका, माणूस एक.

यात आणखी एक बारकावा आहे. चुलता नसता तरी सचिवाला ताण असतोच. दूध संघाला चांगलं दूध हवं, उत्पादकाला चांगलं फॅट हवं. दोन्ही अपेक्षा एकाच भूमिकेतल्या. त्याला भूमिकासंघर्ष म्हणत नाहीत, भूमिकाताण म्हणतात. पेपरात इथं हमखास गुण जातात.

सामाजीकरण म्हणजे संस्कार का?

संस्कार हा त्यातला जाणूनबुजून केलेला भाग. सामाजीकरणात न ठरवता शिकलेलंही येतं. ‘मोठ्यांना नमस्कार कर’ हे सांगून शिकवतात. कामवालीचा चहाचा कप वेगळा ठेवायचा, हे कोणी सांगत नाही. मूल ते बघून शिकतं, आणि ते जास्त पक्कं बसतं. चार्ल्स कूलीनं १९०२ मध्ये सांगितलं की इतरांच्या नजरेत आपण कसे दिसतो यावरून आपली स्वतःबद्दलची कल्पना घडते. जॉर्ज हर्बर्ट मीडनं त्यात खेळाचं महत्त्व दाखवलं. भातुकलीत मूल आईची किंवा दुकानदाराची भूमिका करून बघतं. संघाच्या खेळात एकाच वेळी सगळ्यांच्या भूमिका डोक्यात ठेवतं.

तालीम हा प्राथमिक समूह की दुय्यम?

हा प्रश्न कोल्हापुरातच विचारला जातो, आणि याचं उत्तर द्यायला मला आवडतं.

कूलीच्या मांडणीनुसार (१९०९) प्राथमिक समूह म्हणजे समोरासमोरचे, जिव्हाळ्याचे, फायद्यातोट्याचा हिशेब न मांडणारे संबंध: कुटुंब, शेजार, सवंगडी. दुय्यम समूहात संबंध कामापुरते, नियमांनी बांधलेले. पतसंस्था, कारखान्याचे सभासद, मोठं महाविद्यालय ही त्याची उदाहरणं.

पेठेतली तालीम सुरू झाली कुस्तीसाठी. शाहू महाराजांच्या राजाश्रयानं मल्लविद्येला बळ मिळालं आणि खासबागेचं मैदान उभं राहिलं. लाल मातीत एकत्र घाम गाळणारी, एका वस्तादाच्या हाताखाली वाढलेली पोरं हा प्राथमिक समूहच. पण आज अनेक तालमींत आखाड्यापेक्षा मंडळ मोठं झालंय. अध्यक्ष आहे, पावतीपुस्तक आहे, गणेशोत्सवाचा जमाखर्च आहे, फुटबॉल संघ आहे, नगरसेवकाशी बोलणी आहेत. ही सगळी दुय्यम समूहाची लक्षणं. तरीही कोणाच्या घरी मयत झालं की तिरडी बांधायला तालमीचीच पोरं येतात, त्यासाठी ठराव करावा लागत नाही.

तेव्हा तालमीचं वर्णन करा, कप्प्यात कोंबू नका. एकाच समूहात दोन्ही प्रकारचे संबंध एकमेकांत मिसळलेले असू शकतात.

शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ उतरतात तेव्हा अंतर्गट आणि बहिर्गट शिकवायला फळा लागत नाही. विल्यम समनरनं १९०६ मध्ये म्हटलं होतं की ‘आम्ही’तली एकी आणि ‘ते’बद्दलचं वैर एकमेकांना पोसतात. गोल कोणी केला यापेक्षा फाऊल कोणाचा होता यावर पुढचा आठवडा जातो. आणि तीच दोन्ही पेठांची माणसं सांगलीकराशी किंवा पुणेकराशी मिसळीवरून वाद घालताना एका बाजूला असतात. ‘आम्ही’ची हद्द समोर कोण आहे त्यावर सरकते.

रूढी, नियम आणि कायदा यांत गोंधळ होतो. सोपं करून सांगाल?

समनरचीच विभागणी उपयोगी पडते. मोडल्यावर लोक हसतात किंवा नाक मुरडतात ती लोकरीत: लग्नात पंगतीला बसण्याआधीच ताटाला हात घालणं. मोडल्यावर लोक चिडतात, तोडतात, ती लोकनीती: गोत्र-भावकी न पाळता केलेलं लग्न. राज्ययंत्रणा जिच्यामागं उभी असते तो कायदा.

अवघड भाग असा की सगळ्यात कडक नियम बऱ्याचदा कुठंच लिहिलेले नसतात. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, हे कोणत्या कायद्यात आहे? कुठल्याच नाही. हे करायला पोलीस येत नाहीत. भावकीतल्या बायकाच पुढं होतात, आणि बऱ्याचदा रडत रडत करतात. याला अनौपचारिक सामाजिक नियंत्रण म्हणतात. त्याचा धाक अटकेपेक्षा जास्त, कारण त्याला जामीन नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही त्याचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. अनौपचारिक नियमाला औपचारिक यंत्रणेनं उत्तर दिलं, तेही मंत्रालयातून आधी नव्हे तर गावातून. ठरावानं प्रथा एका दिवसात संपत नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला ‘ग्रामपंचायतीनं ठराव केलाय’ हे सांगायला मिळालं, आणि घरातल्या एखाद्या सुनेला तेवढा आधारही पुरतो.

जात पंचायतीच्या बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदाही याच प्रकरणात वाचावा.

प्रकट आणि अप्रकट कार्य म्हणजे काय?

रॉबर्ट मर्टनची ही जोडी, १९४९ ची. प्रकट कार्य म्हणजे सांगितलेला हेतू. अप्रकट म्हणजे न सांगितलेला, बऱ्याचदा करणाऱ्यालाही न जाणवलेला परिणाम. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. सांगितलेला हेतू: सौभाग्याचं वाण. न सांगितलेला: सासुरवाशिणीला घराबाहेर पडायला मिळतं, भिशी आणि बचत गट तिथंच जमतात, मुलींची स्थळं तिथंच निघतात. मर्टन तिसरी गोष्टही विचारायला लावतो: यानं कोणाचं बिघडतं? बोलावलेल्यांच्या यादीत विधवा नसते. तिला दर जानेवारीला नव्यानं आठवण करून दिली जाते की ती कोण आहे.

तीन मुख्य सिद्धांत एकाच उदाहरणातून सांगा ना.

ऊस हंगाम घेऊ. दुसरं इतकं भरलेलं उदाहरण आपल्या जिल्ह्यात नाही.

कार्यवादी माणूस कारखाना पाहतो आणि सगळे भाग एकमेकांना कसे धरून आहेत ते सांगतो. उपसा सिंचन योजना, सोसायटीचं कर्ज, ट्रॅक्टर, तोडणी, गाळप, बँक, कारखान्यानं काढलेली शाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेज. एक भाग अडखळला की बाजारपेठ ओस पडते. दुर्खीम आणि पुढं टाल्कट पार्सन्स यांची ही परंपरा. यातून व्यवस्था का टिकते ते कळतं. टिकण्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र नीट कळत नाही.

संघर्षवादी नेमकं तेच विचारतो. मार्क्सपासूनचा त्याचा प्रश्न: उत्पादनाची साधनं कोणाच्या ताब्यात आणि श्रम कोणाचे? ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, तरी दरासाठी दर हंगामात रस्त्यावर उतरावं लागतं. इथपर्यंत पोरांना पटतं, कारण वर्गातली निम्मी ऊसकऱ्यांची असतात. मग मी ऊसतोड मजुरांच्या टोळीबद्दल विचारतो. बीडहून आणि मराठवाड्यातून आलेलं जोडपं मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायला पहाटेच्या अंधारात फडात उतरतं. हिशेबात दोघं मिळून ‘एक कोयता’. बाईनं दिवसभर मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत भरल्या, त्याची वेगळी नोंद नाही. पोर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झोपलेलं. कारखान्यासमोर जो शेतकरी पिळला जातो, तोच या फडात मालकाच्या जागी उभा असतो. वर्गात इथं शांतता होते, आणि माझ्या मते मार्क्स इथून पुढं शिकवावा.

तिसरा, प्रतीकात्मक आंतरक्रियावादी, मोठ्या यंत्रणेकडं बघतच नाही. हर्बर्ट ब्लूमरनं १९३७ मध्ये या दृष्टिकोनाला नाव दिलं. मुळं मीडच्या शिकवणीत. तो फडाच्या बांधावर उभा राहून ऐकतो. टोळी ‘खुशाली’ मागते. शेतकऱ्याच्या लेखी ती अडवणूक, तोडणाऱ्याच्या लेखी कमी मजुरीची भरपाई, मुकादमाच्या लेखी ‘पद्धतच हाय’. रक्कम एक, अर्थ तीन. कोणाचा अर्थ चालणार हे त्या दिवशी फडात कोणाला घाई आहे त्यावर ठरतं: उसाला तुरा आलाय, पाऊस अंगावर आलाय, की टोळीलाच दुसरा फड खुणावतोय.

यातला बरोबर सिद्धांत कोणता?

असं विचारू नका. तुमचा प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवा. मग कोण कामाचा ते दिसेल. मात्र ‘तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत’ असं गुळमुळीत लिहून सुटकाही करून घेऊ नका. कोयत्याच्या हिशेबाचं स्पष्टीकरण कार्यवादाला जमत नाही, हे लिहायची धमक असावी.

दुर्खीमचा आत्महत्येचा अभ्यास इतका का गाजला?

कारण आत्महत्येइतकी खासगी वाटणारी गोष्ट घेऊन त्यानं दाखवलं की तिचं प्रमाण समूहागणिक वेगळं असतं आणि वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं. १८९७ च्या या अभ्यासात त्यानं दोन गोष्टी तपासल्या: माणूस समूहाशी किती बांधलेला आहे, आणि त्याच्या इच्छांना समाज किती आवर घालतो. दोन्हींचं प्रमाण खूप कमी किंवा खूप जास्त झालं की धोका वाढतो.

त्यातली प्रमाणकशून्यता ही कल्पना जास्त वापरात आहे. जुने नियम लागू होत नाहीत आणि नवे तयार झालेले नाहीत, अशी ती अवस्था. ती फक्त संकटात येत नाही, अचानक आलेल्या संपत्तीतही येते, हे दुर्खीमचं निरीक्षण. महामार्गात जमीन गेली आणि खात्यावर एकदम मोठी रक्कम आली, अशी घरं आठवा. किती खर्च ‘पुरेसा’, याचं मापच हरवतं. गाडी येते, बंगला येतो, भावांत कोर्टकज्जा येतो.

यांत्रिक ऐक्य म्हणजे गाव आणि सेंद्रिय ऐक्य म्हणजे शहर, बरोबर ना?

अर्धवट. सारखेपणातून येणारं ऐक्य ते यांत्रिक. श्रमविभाजनातल्या परस्परावलंबनातून येणारं ते सेंद्रिय. पण आपलं जुनं गाव सारख्या माणसांचं कधीच नव्हतं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग, सगळे बलुत्यानं एकमेकांवर अवलंबून. म्हणजे श्रमविभाजन होतं. फक्त निवड नव्हती. याला दुर्खीमनं १८९३ च्या ग्रंथात ‘सक्तीचं श्रमविभाजन’ म्हटलंय, आणि तिथं त्यानं जातिव्यवस्थेचा विचार केलाय. उत्तरात एवढं एक वाक्य आलं तरी तपासणारा थांबून वाचतो.

वेबरचे प्राधिकाराचे तीन प्रकार लक्षात राहत नाहीत.

राजर्षी शाहूंकडं पाहा, राहतील. १८९४ मध्ये ते गादीवर आले, ती गादी छत्रपतींची: पारंपरिक प्राधिकार. लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला तो गादीमुळं नव्हे, माणसामुळं: करिष्म्यावर आधारलेला प्राधिकार. आणि २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, त्या राजपत्रातल्या लेखी हुकमानं: कायदेशीर-विवेकी प्राधिकार.

१९१८ मधला कुलकर्णी वतनं रद्द करण्याचा निर्णय तर वेबर समजायला सोन्यासारखा. वंशपरंपरेनं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला. पद जन्मावर नाही, नेमणुकीवर. काम मर्जीवर नाही, नियमावर. वेबर नोकरशाहीची लक्षणं सांगतो ती हीच. नियमाच्या पिंजऱ्यात माणूस अडकतो अशी भीतीही त्यानंच घातली होती. सातबाऱ्यावरची एक वेलांटी दुरुस्त करायला ज्यांनी हेलपाटे घातलेत, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

जात आणि वर्ग यांत फरक काय? आता तर सगळं पैशावरच चालतं.

पैशावर बरंच चालतं. लग्नाचा विषय काढून बघा.

वर्ग आर्थिक स्थितीवर ठरतो आणि तत्त्वतः बदलता येतो. जात जन्मानं मिळते. घुर्यांनी १९३२ मध्ये तिची सहा लक्षणं सांगितली: समाजाचे बंदिस्त तुकडे, उतरंड, खाण्यापिण्यावर आणि व्यवहारावर बंधनं, काहींना हक्क आणि काहींवर निर्बंध, व्यवसायाची सक्ती, आणि विवाहावरची मर्यादा. यातली काही सैल झाली. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कोण आहे ते आज कोणी विचारत नाही.

एकेकाळी विचारत होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं तेव्हा ‘अस्पृश्याच्या’ हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. राजानं घेतलेला कप म्हणजे शुद्ध-अशुद्धाच्या नियमावर भर रस्त्यात केलेला घाव होता.

सगळ्यांत चिवट लक्षण कोणतं, ते बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्येच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितलं: अंतर्विवाह. जातीतच लग्न करण्याची सक्ती हीच जातीला जात म्हणून टिकवते, बाकी लक्षणं तिच्या मागून येतात. चार वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, माणगाव परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तिथं उपस्थित होते. माणगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. एकदा जाऊन या.

एक अवघड मुद्दाही नोंदवतो. १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी वेगवेगळी वसतिगृहं उभी राहिली. त्यांनी खेड्यातल्या हजारो पोरांना शिकवलं. ऊर्ध्वगामी गतिशीलतेचं, म्हणजे समाजात वरच्या स्थानावर जाण्याचं, इतकं ठोस उदाहरण शोधून सापडणार नाही. पण जातवार बोर्डिंगनं जातीची ओळखही संघटित केली का? माझं मत: केली, आणि त्या काळात दुसरा व्यवहार्य रस्ताही नव्हता. तुम्ही असहमत होऊ शकता, पुरावा घेऊन या.

संस्कृतीकरण म्हणजे सुसंस्कृत होणं का?

अजिबात नाही. म्हैसूरकडच्या एम. एन. श्रीनिवास यांची ही संकल्पना. खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार, विधी, खाणंपिणं उचलते आणि एकदोन पिढ्यांत वरच्या स्थानावर हक्क सांगते. १८९९ मध्ये सुरू झालेलं वेदोक्त प्रकरण याच्याजवळचं, पण तंतोतंत तेच नव्हे. राजाच्या घरचे विधी वेदोक्त (वेदातल्या मंत्रांनी) की पुराणोक्त (पुराणातल्या मंत्रांनी) हा वाद क्षत्रियत्वाचा होता, आणि पुढं त्याची दिशा ब्राह्मणेतर चळवळीकडं वळली. सत्यशोधकांनी तर उलटच सांगितलं: वर चढायचं कशाला, भटजीशिवाय लग्न लावा. सगळ्या जाती वरच्यांची नक्कलच करतात हे गृहीत धरलं की फुले-आंबेडकरांची वाट दिसत नाही. संस्कृतीकरणावरची मुख्य टीका हीच.

लिंगभाव हा मुलींचाच विषय आहे का?

पारावरची ती लग्न न जमलेली पोरं आठवा.

जैविक फरक वेगळा आणि बाई-पुरुषानं कसं असावं याबद्दल समाजानं ठरवलेलं वेगळं. हे दुसरं म्हणजे लिंगभाव. आपल्याकडचं धडधडीत उदाहरण हक्कसोडपत्राचं, म्हणजे मिळकतीतला वाटा सोडल्याच्या कागदाचं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरी वडील गेले की महिन्याभरात बहिणींना तालुक्याला नेतात, हक्कसोडावर सह्या होतात, येताना साडी आणि जेवण. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून ती सही करते. कायदा पुढं गेला, रीत मागं राहिली. विल्यम ऑगबर्ननं १९२२ मध्ये सांगितलेलं सांस्कृतिक विलंबन ते हेच. फक्त ‘रीत मागं राहिली’ एवढ्यावर थांबू नका. ती मागं राहण्यात कोणाचा फायदा, हे सातबाऱ्यावर छापलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ माहिती कशी गोळा करतात?

प्रश्नावली, मुलाखत, कागदपत्रं आणि सहभागी निरीक्षण. शेवटच्या पद्धतीची एक गोष्ट ऐका. श्रीनिवासांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या, त्यांनी रामपुरा असं टोपणनाव दिलेल्या गावात राहून नोंदी केल्या. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथं जाळपोळ झाली आणि प्रक्रिया केलेल्या नोंदी जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणींतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. गावात इतकं मुरल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय कोणता घेऊ?

‘ग्रामीण महिलांच्या समस्या’ नको. शंभर पानं भरतील आणि हाती काही लागणार नाही. लहान, रोज दिसणारा विषय घ्या. दूध संस्थेत पासबुक कोणाच्या नावावर आणि म्हशीची धार कोण काढतं? तालमीच्या फुटबॉल संघातली किती पोरं पेठेबाहेरची? इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळीला कोण कुठल्या गावचं येतं? चपलेचं चामडं कोण कमावतं, वेणी कोण विणतं आणि दुकानाच्या पाटीवर आडनाव कोणाचं? पंधरावीस माणसांशी नीट बोलणं दोनशे अर्धवट फॉर्मपेक्षा बरं.

बोलण्याआधी परवानगी घ्या, कशासाठी विचारताय ते सांगा, अहवालात खरी नावं घालू नका. रेकॉर्डिंग नको म्हणाले तर मोबाईल खिशात ठेवा आणि घरी आल्याबरोबर लिहून काढा. आणि दूध संस्थेत जाणार असाल तर संकलनाच्या वेळी सचिवाला गाठू नका. आठनंतर, कॅन गाडीत चढल्यावर, तो बोलायच्या मनःस्थितीत असतो.